विमानप्रवासातील सुरक्षा तपासणी व निषिद्ध वस्तूंचे नियम : वाजवीपणाचा ऐतिहासिक परामर्श
(नागपूर व मुंबई येथील विमानवाहतुकीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नागपूर शहराच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर, मानेवाडा, बेसा या वस्त्यांमध्ये गेल्या दोन-अडीच दशकांत जो मध्यमवर्ग स्थिरावला, त्याच्या घरातील एखादे तरी अपत्य आज पुणे, बंगळूर, हैदराबाद किंवा परदेशात नोकरीस असते. विमानप्रवास ही या वर्गासाठी आता अपूर्वाईची बाब राहिलेली नाही. मात्र सोनेगाव येथील विमानतळावर पोहोचल्यानंतर या प्रवाशाला ज्या प्रक्रियेतून जावे लागते, तिच्याविषयी त्याच्या मनात एक संभ्रम कायम असतो. सुपारी कातरण्याचा अडकित्ता धारदार वस्तूंच्या वर्गात मोडतो म्हणून हातसामानातून काढून घेतला जातो, हे त्याला समजते. पण खोबऱ्याच्या वाटीला हरकत का असावी, परदेशी जाताना लोणच्याची बरणी हातसामानात का चालू नये, हे त्याला कोणी सांगत नाही. नियम आहे, एवढेच उत्तर मिळते.

प्रस्तुत लेखात हे नियम वाजवी आहेत काय, या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. हा प्रश्न सामान्यतः सोय विरुद्ध सुरक्षा अशा स्वरूपात मांडला जातो. त्या मांडणीत एक मोठी उणीव आहे. निषिद्ध वस्तूंची यादी ही कोणा तज्ज्ञाने एका बैठकीत बसून तयार केलेली नसून ती घडलेल्या घटनांच्या मागोमाग, थराथराने वाढत गेली आहे. प्रत्येक थर कोणत्या घटनेचा आहे आणि ती घटना घडवणारे संकट विमानात नेमके कोणत्या वाटेने शिरले, हे पाहिल्याशिवाय त्या नियमाच्या वाजवीपणाविषयी मत देता येत नाही. लेखासाठी प्रामुख्याने भारतीय विमानवाहतुकीतील घटनांचा, विशेषतः मुंबई व नागपूरशी संबंध असलेल्या घटनांचा आधार घेतला असून आवश्यक तेथे परदेशातील घडामोडी विचारात घेतल्या आहेत.

झडतीपूर्व काळ : नागपूरची रात्रीची टपाल विमाने

स्वातंत्र्योत्तर भारताच्या विमानवाहतुकीत नागपूरला जे स्थान मिळाले, ते त्याच्या भौगोलिक मध्यवर्तित्वामुळे. ३१ जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूर येथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना लागू झाली आणि या सेवेचे महत्त्व आणखी वाढले. ही सेवा १९७३ पर्यंत चालू होती. थैल्यांबरोबर प्रवासीही या विमानांतून जात व नागपूरला विमान बदलून पुढे मार्गस्थ होत.

या चोवीस वर्षांच्या व्यवस्थेत सर्वाधिक जपली जाणारी वस्तू टपालाची थैली होती. तिच्यावर लाखेची मोहोर असे, तिची मोजदाद होई, तिची पोच घेतली जाई. प्रवाशाच्या खिशात काय आहे हे पाहण्याची गरज कोणास वाटत नव्हती. याचा अर्थ त्या काळी नियम नव्हते असा नव्हे. १९३७ च्या विमान नियमांतील आठव्या नियमान्वये शस्त्रे, स्फोटके व धोकादायक माल परवानगीशिवाय विमानातून नेण्यास मनाई होतीच. परंतु ही मनाई मालाविषयीची होती. प्रवासी हा संशयाचा विषय ठरलेला नव्हता. भीती होती ती इंजिनाची आणि हवामानाची. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून उड्डाण केलेले इंडियन एअरलाइन्सचे डाकोटा विमान लगेचच कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. त्या अपघातानंतर चर्चा झाली ती यंत्राची, माणसाच्या हेतूची नव्हे. विमानसुरक्षा या शब्दाचा अर्थ त्या काळी यंत्राची सुरक्षितता एवढाच होता, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. आज त्याच शब्दाने आपण माणसाच्या झडतीकडे निर्देश करतो.

'काश्मीर प्रिन्सेस' : प्रवाशाच्या हातून न आलेले संकट

हेतुपुरस्सर घातपाताचा पहिला मोठा आघात भारतीय विमानवाहतुकीवर झाला तो १९५५ साली. एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या प्रतिनिधींना व पत्रकारांना घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे झेपावले. समुद्रावरून जात असताना विमानात स्फोट झाला आणि वैमानिकांना ते पाण्यावर उतरवण्याचा प्रयत्न करावा लागला. विमानातील १९ जणांपैकी १६ जण मृत्युमुखी पडले, तिघे वाचले. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय हे या घातपाताचे लक्ष्य होते. ते त्या विमानात नव्हते. विमानाचे कप्तान दामोदर काशिनाथ जठार यांना व हवाई सेविका ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. वाचलेल्या तिघांपैकी देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक यांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिले. मराठी माणसांच्या कर्तृत्वाच्या यादीत जठार व कर्णिक ही नावे सहसा आढळत नाहीत, ही खेदाची बाब आहे.

या घटनेतून प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाचा ठरणारा मुद्दा वेगळाच आहे. तपासात असे निष्पन्न झाले की, कालस्फोटक विमानाच्या उजव्या बाजूच्या चाकाच्या कप्प्यात ठेवण्यात आले होते. विमान हाँगकाँगला जेमतेम सव्वा तास थांबले, तेवढ्या अवधीत हे काम उरकले गेले. संशयित हा विमानांची देखभाल करणाऱ्या कंपनीचा कर्मचारी होता आणि तो तैवानला पळून गेला. विमानातील प्रत्येक प्रवाशाची, प्रत्येक पिशवीची कसून झडती घेतली गेली असती, तरीही ते विमान वाचले नसते. संकट प्रवाशांच्या दाराने आलेच नव्हते. भारतीय विमानवाहतुकीचा हा पहिला धडा होता. पुढील इतिहासात तो वारंवार विसरला गेलेला दिसतो.

खेळण्यातले पिस्तूल

प्रवासी हा संशयाचा विषय बनला तो विमान अपहरणांच्या कालखंडात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगभर अपहरणांची लाट आली. १९७० चा हेग करार व १९७१ चा माँट्रियल करार ही त्याचीच फलश्रुती होय. अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून सर्व प्रवाशांची तपासणी सक्तीची झाली. २२ मार्च १९७४ रोजी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने शिकागो करारास सतरावे परिशिष्ट जोडले आणि विमानसुरक्षेचे किमान आंतरराष्ट्रीय दंडक ठरवून दिले.

भारतातील अपहरणांचा इतिहास या संदर्भात अत्यंत बोलका आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले 'गंगा' हे फोकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळचे पिस्तूल खेळण्यातले होते व हातबाँब लाकडी होता. त्या विमानाला पुढे लाहोर येथे आग लावण्यात आली आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. पूर्व व पश्चिम पाकिस्तान यांमधील हवाई दळणवळणाला तिचा जबर फटका बसला. त्या वर्षाअखेरच्या घडामोडी सर्वज्ञात आहेत. एका खेळण्यातल्या पिस्तुलाने इतिहासाला इतके मोठे वळण द्यावे, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. २० डिसेंबर १९७८ रोजी लखनौहून दिल्लीला जाणारे विमान दोघा तरुणांनी वाराणसीस नेले. इंदिरा गांधी यांची सुटका करावी ही त्यांची मागणी होती. त्यांच्याकडेही खेळण्यातलीच शस्त्रे निघाली. हे दोघेही पुढे १९८० मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेवर निवडून गेले, ही बाब राज्यशास्त्राच्या अभ्यासकांसाठी सोडून देणे बरे.

लहान मुलाची खेळण्यातली बंदूक विमानतळावर काढून घेतली जाते, तेव्हा आईवडिलांना हसू येते किंवा राग येतो. वरील दोन घटना माहीत असणाऱ्यास मात्र हा नियम पूर्णतः वाजवी वाटेल. विमानाच्या बंदिस्त पोकळीत वस्तूची मारकशक्ती जितकी महत्त्वाची, तितकीच तिची धाक घालण्याची शक्तीही महत्त्वाची असते. वैमानिकाला खरे-खोटे पारखून पाहण्याची सवड नसते. निषिद्ध वस्तूंच्या यादीवर टीका करणारे पुष्कळदा वस्तू खरोखर घातक आहे काय एवढाच निकष लावतात. भारतीय अनुभव पाहता तो निकष अपुरा आहे.

जानेवारी १९७८

मुंबईचा या कालखंडाशी संबंध आला तो २८ सप्टेंबर १९७७ रोजी. जपान एअरलाइन्सचे विमान मुंबईहून उड्डाण करताच जपानी रेड आर्मीच्या पाच सदस्यांनी ताब्यात घेतले व ढाक्याला नेले. जपान सरकारने ६० लाख डॉलर खंडणी व कैद्यांची सुटका या मागण्या मान्य केल्या. त्याच्या वर्षभर आधी, १० सप्टेंबर १९७६ रोजी, इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला नेण्यात आले होते. त्या घटनेनंतर पांडे समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशीनुसार जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. आजच्या नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्युरोचे हे मूळ होय.

याच महिन्यात, २५ जानेवारी १९७८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्याचा निकाल दिला. त्यांचे पारपत्र १९७७ मध्ये जप्त करण्यात आले होते आणि त्याचे कारण देण्यास शासनाने नकार दिला होता. परदेशी जाण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून त्यावर मर्यादा घालणारी कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, ती मनमानी असता कामा नये, हे तत्त्व न्यायालयाने प्रस्थापित केले. प्रवाशाची झडती घेणारी यंत्रणा आणि प्रवाशाच्या हक्काचे तत्त्व एकाच महिन्यात जन्माला यावे हा योगायोगच खरा. दोघांच्या जन्मतारखा इतक्या जवळ असूनही त्यांची भेट मात्र क्वचितच झाली. सुरक्षा यंत्रणेची वाढ अपघात-घातपातांच्या दबावाखाली, परिपत्रकांच्या द्वारे होत गेली. हक्काच्या तत्त्वाची वाढ न्यायालयात झाली. एखादी वस्तू निषिद्ध करताना तिच्यामागील कारण प्रवाशाला सांगितले पाहिजे, हा मनेका गांधी निकालातून सहज निघणारा विचार विमानतळाच्या दारापर्यंत पोहोचलाच नाही.

मालकक्षातील पेटी व अन्य वाटा

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर स्फोटाने नष्ट झाले. ३२९ जणांचा बळी गेला. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानात चढवायच्या सामानाचा स्फोट होऊन दोन कामगार ठार झाले. या दोन्ही बाबतींत स्फोटक हे मालकक्षात जाणाऱ्या सामानात होते आणि ते सामान देणारा इसम स्वतः विमानात चढलाच नव्हता. टोरांटो येथे क्ष-किरण यंत्र बंद पडले आणि उरलेल्या सामानाची तपासणी हातात धरावयाच्या एका शोधकाने उरकण्यात आली, हे पुढे कॅनडातील चौकशीत उघड झाले. या शोकांतिकेनंतर १ एप्रिल १९८७ रोजी सुरक्षा ब्युरोला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला.

ज्यांनी १९८० व ९० च्या दशकांत प्रवास केला आहे, त्यांना विमानाच्या शिडीजवळ ओळीने मांडून ठेवलेल्या पेट्या आठवत असतील. प्रत्येकाने आपली पेटी बोट दाखवून ओळखावयाची व मगच ती विमानात चढावयाची. उन्हापावसात धावपट्टीच्या कडेला उभे राहणे त्रासाचे होते. तरीही हा नियम कनिष्कच्या घातपातात जी वाट वापरली गेली, नेमकी तीच वाट बंद करणारा होता. यंत्र नव्हते, खर्च नव्हता, कोणाच्या अंगाला हात लावणे नव्हते. सुरक्षा नियम कसा असावा याचे इतके चांगले उदाहरण या संपूर्ण इतिहासात दुसरे सापडणे कठीण आहे.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराची येथे थांबले असता चार शस्त्रधारी विमानतळ सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या वेषात मोटारीतून थेट विमानापर्यंत पोहोचले. नीरजा भनोत यांच्या बलिदानामुळे ही घटना भारतीयांच्या स्मरणात आहे. त्या विमानात मुंबईस बसलेल्या प्रवाशांची तपासणी कितीही कडक असती, तरी फरक पडला नसता. काश्मीर प्रिन्सेस, कनिष्क व पॅन अ‍ॅम या तिन्ही घटना एकत्र ठेवल्या असता असे दिसून येते की, सर्वाधिक प्राणहानी करणारी संकटे हातसामानाच्या पट्ट्यावरून गेलेली नाहीत. असे असूनही सामान्य नागरिकाच्या डोळ्यांसमोर सुरक्षा म्हणून उभी राहते ती हातसामानाची तपासणीच. जे दिसते त्यालाच सुरक्षा समजण्याची ही प्रवृत्ती शासन व प्रवासी या दोघांतही आढळते.

कंदहार, न्यूयॉर्क, लंडन

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस येणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान अपहृत होऊन अखेर कंदहारला नेण्यात आले. रूपिन कट्याल या प्रवाशाची हत्या झाली आणि ३१ डिसेंबर रोजी तीन दहशतवाद्यांच्या सुटकेच्या बदल्यात प्रवासी परतले. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास प्रारंभ झाला. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर विमानतळापासून ही सुरुवात झाली.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अमेरिकेत त्या वेळी चार इंचांपेक्षा लहान पाते असलेली सुरी विमानात नेण्यास परवानगी होती. हल्लेखोरांचे यश सुरीच्या धारेत नव्हते, तर अपहरणकर्त्याशी सहकार्य केल्यास जीव वाचतो या तोवरच्या समजुतीत होते. ती समजूत त्याच दिवशी संपली. १ नोव्हेंबर २००३ पासून मोठ्या प्रवासी विमानांत वैमानिककक्षाचे दार मजबूत व कुलूपबंद असणे आंतरराष्ट्रीय दंडकानुसार बंधनकारक झाले. या एका दारामुळे लहान सुरीचे महत्त्व पुष्कळ कमी झाले, असा युक्तिवाद केला जातो व त्यात तथ्य आहे. अमेरिकेने डिसेंबर २००५ मध्ये चार इंचांपर्यंतच्या कात्र्यांना पुन्हा परवानगी दिली. मात्र २०१३ मध्ये लहान चाकूंनाही सूट देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हवाई सेवकांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला व तो मागे घ्यावा लागला. त्यांचे म्हणणे साधे होते. दाराच्या आत वैमानिक सुरक्षित आहेत, बाहेर आम्ही आहोत. वाजवीपणाचा विचार करताना विमान हे केवळ वाहन नसून ते कोणाचे तरी कामाचे ठिकाणही आहे, हे भान या विरोधाने आणून दिले. दाराचीही दुसरी बाजू आहेच. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच कुलूपबंद दाराआड राहून विमान डोंगरावर आदळवले आणि १५० जणांचा अंत झाला.

डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटक लपवले, म्हणून कोट्यवधी लोकांना अमेरिकेत बूट काढावे लागले. ही सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली. ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट लंडन येथे उघडकीस आला आणि १०० मिलिलिटरचा नियम आला. मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या आईच्या हातसामानातील तूप, लोणचे, ठेचा यांवर आलेली मर्यादा ही त्या कटाची नागपूरपर्यंत पोहोचलेली सावली आहे. कट खरा होता, संकट काल्पनिक नव्हते. तथापि मार्च २०२० मध्ये करोनाची साथ येताच अमेरिकेने हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाला सुमारे ३५५ मिलिलिटरपर्यंत सूट दिली. गरज पुरेशी निकडीची असली तर १०० चा आकडा लवचीक होऊ शकतो, असा त्याचा अर्थ होतो. मग तो आकडा भौतिकशास्त्राचा होता की प्रशासकीय सोयीचा, हा प्रश्न उपस्थित होतो.

येथे यंत्रणेची बाजूही समजून घेतली पाहिजे. क्ष-किरण यंत्रापुढे बसलेल्या जवानास एका पिशवीसाठी काही सेकंद मिळतात. प्रत्येक वस्तूबाबत त्याने स्वतंत्र निर्णय घ्यावा अशी अपेक्षा ठेवल्यास दोन धोके संभवतात. एक तर चूक होईल, दुसरे म्हणजे ओळखीच्या माणसाला एक न्याय व अनोळखी माणसाला दुसरा न्याय लागेल. सरसकट नियमाचा हा मोठा गुण आहे की तो विवेकाला कमी वाव देतो व म्हणून पक्षपातालाही कमी वाव देतो. कंदहारनंतर भारतीय प्रवासी विमानाचे अपहरण झालेले नाही, ही वस्तुस्थितीही नजरेआड करता येत नाही. तिचे श्रेय झडतीला किती, कुलूपबंद दाराला किती आणि गुप्तवार्तेला किती, याची फोड मात्र कोणी करून दाखवलेली नाही.

आणि आता तर धाक घालण्यासाठी वस्तूचीही गरज उरलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विमानांना बाँबच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या. त्या तपासात नागपूर पोलिसांनी गोंदिया जिल्ह्यातील एका इसमाचा माग काढला. खेळण्यातल्या पिस्तुलाची जागा दूरवरून पाठवलेल्या एका संदेशाने घेतली. अशा संदेशाला क्ष-किरण यंत्र रोखू शकत नाही.

किरपाण, कृत्रिम पाय आणि नारळ

सरसकट नियमाची कसोटी अपवादांच्या वेळी लागते. २९ सप्टेंबर १९८१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला नेण्यात आले, तेव्हा अपहरणकर्त्यांचे शस्त्र किरपाण हेच होते. असे असूनही किरपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचे संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच नमूद आहे. सुरक्षा ब्युरोच्या मार्च २०२२ च्या आदेशानुसार देशांतर्गत विमानात शीख प्रवाशास पाते सहा इंचांपर्यंत व एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत असलेले किरपाण नेता येते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सवलतीविरुद्धची याचिका फेटाळली. नांदेडच्या हुजूर साहिबला येणाऱ्या भाविकांमुळे हा विषय महाराष्ट्रासही अपरिचित नाही. ज्या वस्तूचा अपहरणात प्रत्यक्ष वापर झाला ती मोजमाप ठरवून चालू शकते आणि जिचा कधीच वापर झाला नाही ती चालत नाही, यात वरवर विसंगती दिसते. खरे पाहता येथे राज्याने धोका व हक्क यांचे वजन करून, लांबी ठरवून, कारण देऊन निर्णय घेतला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणाच्या हक्कासंबंधी जी प्रमाणबद्धतेची कसोटी मांडली, तिच्याशी हा मार्ग सुसंगत आहे. आक्षेप घ्यावयाचा तर तो असा वजनकाटा इतर वस्तूंसाठी, इतर माणसांसाठी बाहेर काढला जात नाही, यावर घ्यावा लागेल.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी विमानतळावर प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढावा लागतो याविषयी पंतप्रधानांना जाहीर आवाहन केले. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. स्फोटकांचे अंश शोधणारी यंत्रे उपलब्ध असताना अवयव काढावयास लावणे हे सुरक्षेसाठी अपरिहार्य नव्हते. शिवाय दिलगिरी मिळाली ती प्रसिद्ध व्यक्तीला. तोच पाय लावून हुडकेश्वरहून निघालेल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचे आवाहन कोण ऐकणार होते? याच्या उलट टोकाला एप्रिल २००९ ची घटना आहे. भारतीय नियमांनुसार झडतीतून सूट असलेले माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची दिल्ली विमानतळावर एका परदेशी विमान कंपनीने झडती घेतली. देशभर संताप उसळला. कलामांनी स्वतः मात्र तक्रार केली नव्हती. सूट मिळालेल्यांच्या यादीतील माणसाची झडती झाल्यावर जो क्षोभ होतो, त्याचा अल्पांशही यादीबाहेरच्या माणसाच्या अवहेलनेवर होत नाही. सुरक्षेचा खर्च मात्र यादीबाहेरचाच प्रवासी तिकिटातून भरतो. २०१९ मध्ये देशांतर्गत प्रवाशामागे १५० रुपये असलेले हे शुल्क २०२१ मध्ये २०० रुपये झाले.

नारळाचे प्रकरण आकाराने लहान, पण या चर्चेच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. सुके खोबरे हे तेलाच्या प्रमाणामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय वर्गात मोडते. जहाजांच्या तळघरात टनावारी खोबरे साठवताना हा धोका खराच असतो. गोडा मसाल्यासाठी पिशवीत घातलेल्या दोन वाट्यांना तोच वर्ग लावला जातो, तेव्हा मालवाहतुकीचा नियम घरगुती शिदोरीला लावला गेलेला असतो. अखंड नारळही ज्वालाग्राही म्हणून हातसामानात नेता येत नसे. विदर्भात काय किंवा कोकणात काय, सासरी निघालेल्या वा परगावी चाललेल्या मुलीची ओटी नारळाशिवाय भरत नाही आणि ओटीतला नारळ विमानतळावर टाकून देणे हे आईला अपशकुनासारखे वाटते. या भावनेला सुरक्षेपेक्षा मोठे मानावे असे नाही. परंतु तिची दखल घेऊनही सुरक्षा राखता येते काय, हे तपासून पाहावयास काहीच हरकत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्युरोनेच ते तपासून दाखवले. शबरीमलास जाणाऱ्या यात्रेकरूंना त्यांच्या इरुमुडीतील नारळ हातसामानात नेण्याची परवानगी देण्यात आली. क्ष-किरण तपासणी, स्फोटकांच्या अंशांची चाचणी व प्रत्यक्ष हाताळून पाहणी एवढ्या तीन अटी होत्या. सवलत २० जानेवारी २०२५ पर्यंतच्या यात्राहंगामापुरती होती. तेच यंत्र, तोच जवान व तेच फळ असतानाही नागपूरहून निघालेल्या मुलीच्या ओटीतला नारळ तिच्यात बसत नव्हता.